ढोलीतली वैनी

“मयेकर, वर या! लवकर!”

मी खाली जनरेटरच्या खोलीत होतो, हात तेलाने बरबटलेले. बाईंचा आवाज दीपगृहाच्या जिन्यातून असा घुमत आला की मला वाटलं, वर भिंगालाच काहीतरी झालं. तसाच धावत सुटलो. वर पोचेपर्यंत छातीचा भाता झालेला. बाई गॅलरीत कठड्याला रेलून उभ्या होत्या, डोळ्यांना दुर्बीण.

“काय झालं?”

“तो आला नाही.”

“कोण?”

“तुमचा चाकरमानी.”

मला असा राग आला म्हणता! “बाई, एवढ्यासाठी मला सगळा जिना चढवलात? येईल की. कुठे लांब गेला असेल फळांना.”

“सकाळपासून एकदासुद्धा नाही, मयेकर. असं कधी झालेलं नाही.”

त्यांनी दुर्बीण खाली केली तेव्हा त्यांचा चेहरा पाहिला आणि मी तेलकट हात पँटला पुसत कठड्याशी गेलो.

मी तेव्हा अंदमानच्याही पलीकडे, एका बेटावरच्या दीपगृहात नोकरीला होतो. बेट एवढंसं, की नकाशावर माशी बसली तर अख्खं झाकलं जाईल. तिथे आम्ही माणसं दोन, मी आणि माझा जोडीदार रामुलू, विशाखापट्टणमकडचा. त्याचं हिंदी मोडकं, माझं त्याहून मोडकं, पण आमचं भांडण भाषेवाचून कधी अडलं नाही. तिसऱ्या ह्या बाई, डॉक्टर वैजयंती नाडगौडा, सांगलीच्या. औषधाच्या डॉक्टर नव्हेत, पक्ष्यांच्या. सरकारी परवानगी काढून आल्या होत्या, कारण त्या बेटावर एक धनेश असतो, जो जगात दुसरीकडे कुठेच नाही. आमच्या कोकणात त्याचा मोठा भाऊ असतो, ककणेर म्हणतात त्याला. हा लहान. नराचं डोकं आणि मान तांबूस, शेपटी पांढरीशुभ्र. उडताना पंखांचा आवाज येतो तो सुपाने भात पाखडल्यासारखा.

दीपगृहामागच्या उतारावर एक जुना वृक्ष होता. त्याच्या बुंध्यात वर एक ढोली होती, आणि ती बरोबर आमच्या गॅलरीच्या समोर यायची. म्हणून बाईंनी गॅलरीत मुक्काम ठोकला. पहिल्यांदा मला ते आवडलं नव्हतं. पण त्यांनी त्या ढोलीतला प्रकार समजावून सांगितला आणि मीही तिथे रेंगाळायला लागलो. मादी ढोलीत शिरते आणि आतून स्वतःच्याच विष्ठेने दार लिंपून घेते. फक्त बोटभर फट ठेवते. आत अंडी घालते, पिल्लं काढते, आणि त्याच काळात पंखांची पिसं गाळते. म्हणजे बाहेर पडायचं ठरवलं तरी तिला उडता येत नाही. नर बाहेरून फळं आणतो, सरडे आणतो, आणि फटीतून भरवतो. सगळा संसार त्या एका चोचीवर.

“म्हणजे आमच्याकडचा चाकरमानीच की हो,” मी म्हटलं होतं. “बायको गावाला घरात, हा मुंबईत. हा पाठवील तेव्हा तिकडे चूल पेटणार.”

बाई खो खो हसल्या होत्या. तेव्हापासून नराचं नाव चाकरमानी पडलं आणि मादीची वैनी झाली. हसायला ठीक होतं, पण मी स्वतः तरी कोण होतो? देवबागला माझी सुलोचना दोन पोरी घेऊन माझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली होती.

त्या दिवशी अंधार पडेपर्यंत चाकरमानी आला नाही. ढोलीतून पिल्लाची हाक यायची, चिरकी, अधूनमधून तुटणारी. वैनीची चोच फटीतून बाहेर यायची, थोडा वेळ तशीच राहायची आणि आत जायची. मी दिवा लावायला वर गेलो तरी बाई तिथेच.

“बाई, खाली चला. रामुलूने भात केलाय.”

“तिने सकाळपासून काही खाल्लेलं नाही.”

“तुम्ही तरी कुठे खाल्लंत?”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघेही त्याला शोधायला निघालो. रामुलू डोंगराच्या बाजूला गेला, मी ओढ्याकडे आणि बाई किनाऱ्याच्या खडकांवरून पलीकडच्या झाडीत. मी तर त्या जंगलात आमच्या मालवणीतच हाका मारत होतो, “खंय गेलंस रे मेल्या? घराकडे पोर रडता तुझा!” दुसरे धनेश दिसले, पण ते आपापल्या ढोलीला बांधलेले. आमचा नव्हता. ना पीस, ना रक्ताचा डाग.

“कुणी मारला असेल?” मी विचारलं. मला कुणीतरी गुन्हेगार हवा होता. एखादी चोरटी बोट, एखादा बंदूकवाला. शिव्या द्यायला समोर माणूस असला की बरं असतं.

“समुद्रगरुडाने नेला असेल. सापाने धरला असेल. म्हाताराही झाला असेल, मयेकर. काहीही असू शकतं.” बाई एका दगडावर बसल्या होत्या आणि पोटरीला रुमाल गुंडाळत होत्या. “खडकाला चिकटलेल्या कालवांवर पाय घसरला. विशेष काही नाही.”

कालवाची धार काय असते ते आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना विचारा. मी रुमाल सोडून पाहिला. जखम लांब होती आणि आत शंख-शिंपल्यांचा चुरा गेलेला. रामुलूने औषधाची पेटी आणली, धुतलं, पट्टी बांधली. बाईंचं लक्ष पायाकडे नव्हतंच.

“बाई, आपण भरवू या तिला,” मी म्हटलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “आमच्या कामाचा पहिला नियम असतो, मयेकर. बघायचं. मधे पडायचं नाही.”

“नियम गेला खड्ड्यात! समोर पोर उपाशी मरतंय आणि आपण दुर्बिणीतून बघायचं? हा कुठला धर्म?”

त्यांनी पट्टीची गाठ चाचपली. मग म्हणाल्या, “कसं भरवाल?”

ते मला विचारायचं काम नव्हतं. दीपगृहाला बाहेरून रंग द्यायचा तर आम्ही दोरावर फळी टांगतो आणि तिच्यावर बसून माणूस वर-खाली होतो. ती फळी काढली. वृक्षाच्या फांदीवरून दोर टाकला, रामुलूने खालून ओढलं आणि मी ढोलीच्या जरा खालपर्यंत पोचलो. बाईंनी उंबरासारखी पिकलेली फळं गोळा करून दिली होती. लांब बांबूचं टोक चिरून त्यात मी एक फळ अडकवलं आणि हळूच फटीपाशी नेलं.

“घे गो बाय,” मी म्हटलं. “मी काय तुझो घोव न्हय, पण घे.”

आत खडखडलं. चोच बाहेर आली आणि तिने बांबूवर असा घाव घातला की माझ्या मनगटाला झिणझिण्या आल्या. फळ खाली पडलं. दुसरं लावलं, तेही पडलं. तिसरं मात्र तिने चोचीत धरलं आणि आत नेलं.

“घेतलं! बाई, घेतलं तिने!” मी वरूनच ओरडलो. खाली रामुलू टाळ्या पिटायला लागला. त्या नादात दोर सुटून मीच खाली आलो असतो. बाई मात्र वर बघत होत्या.

थोड्या वेळाने तेच फळ फटीतून बाहेर फेकलं गेलं.

त्या दिवशी आणि पुढच्या दिवशी आम्ही काय काय नाही केलं! फळं सोलून दिली. रामुलूने पाली पकडून आणल्या. मी लांबून देऊन पाहिलं, पानांआड लपून पाहिलं, शेवटी बांबूच्या टोकाला लाकडाची चोचसुद्धा कोरून बांधली, तांबडी रंगवून. आता सांगताना हसू येतं. पण तेव्हा ती चोच कोरताना मी देवाला नारळ बोललो होतो.

तिने काही घेतलं नाही. तिला फक्त त्याच्याच चोचीतून घ्यायचं माहीत होतं. पण ह्याहून वाईट पुढे होतं, आणि ते आधी बाईंच्या ध्यानात आलं. मी पुन्हा फळी टांगायला निघालो तेव्हा त्या गॅलरीतून खाली ओरडल्या, “थांबा! जाऊ नका वर!”

मी वर गेलो. त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. “फट बघा.”

पाहिलं. आधी बोटभर असलेली फट आता निम्मी राहिली होती. आतून ओला, काळपट लेप लावलेला दिसत होता.

“हे काय?”

“ती बुजवतेय,” बाई म्हणाल्या. “शत्रू आला की त्या दार आणखी लिंपतात. आपण जेवढं भरवायला जातो, तेवढी ती दार बंद करते.”

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं नुसतं म्हणायला काय जातं! आम्ही फळं घेऊन गेलो होतो आणि तिला आम्ही खून करायला आलेले दिसलो होतो. तिला सांगणार कसं? कुठल्या भाषेत?

“मग फोडू या भिंत,” मी म्हटलं. “छिन्नी आहे माझ्याकडे. दोन ठोक्यांत पडेल. तिला आणि पोराला खाली आणू. टोपलीत ठेवू. मी सांभाळीन.”

“नाही.”

“का नाही?”

“मयेकर, मी एकदा फोडली होती.” त्या कठड्याला धरून उभ्या होत्या. “दांडेलीच्या जंगलात. तरुण होते. असाच नर गेला होता. मला वाटलं, मी वाचवेन. भिंत फोडल्यावर मादी घाबरून बाहेर पडली. पंखांना पिसं नव्हती, सरळ जमिनीवर आपटली. माझ्या हातातच गेली. आतलं पिल्लू मी कापसात ठेवलं, भरवलं, सगळं केलं. तेही गेलं. तिला मरताना निदान आपल्या घरात मरता आलं असतं. मी तेही ठेवलं नाही.”

मी म्हटलं, “एकदा झालं म्हणून काय दर वेळी तेच होईल?”

“खाली घोरपडी फिरताहेत, दिसत नाहीत का? टाकलेल्या फळांच्या वासाने आल्या आहेत.” मग एकदम त्यांचा आवाज फाटला. “मला काय फोडावंसं वाटत नाही? मला रात्रंदिवस तेवढंच दिसतंय! पण शब्द द्या मला. तुम्ही हात लावणार नाही.”

मी शब्द दिला. दुसरं काय करणार होतो?

त्यानंतर बाई गॅलरीतून हलायला तयार होईनात. पाय सुजला होता. पट्टी बदलताना रामुलूने मला डोळ्याने खुणावलं आणि बाहेर नेलं. “अण्णा, पाय खराब आहे. लाल रेघ वर चढलीय. अंग तापलंय. माझ्या गावात एक माणूस असाच गेला.”

मी वायरलेसवर पोर्ट ब्लेअरला कळवलं. उत्तर आलं की उद्या सकाळी एक बोट वाट वाकडी करून येईल, पेशंटला जेटीवर तयार ठेवा. समुद्र चढतोय, बोट फार थांबणार नाही. त्यानंतर हवा सुधारेपर्यंत कुणी येणार नाही.

मी बाईंना सांगितलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, अंगावर माझी घोंगडी, डोळे तापाने लाल.

“मी नाही जाणार,” त्या म्हणाल्या.

“बाई, पाय जाईल. पाय कसला, जीव जाईल!”

“पिल्लू हाक मारतंय अजून.”

“मारू दे! तुम्ही इथे बसून त्याला काय देणार आहात?”

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “काहीच देता येत नाही म्हणून तर बसायचं. माणूस जाताना उशाशी कुणीतरी बसतं ना, मयेकर? बसणाऱ्याच्या हातात काय असतं? तरी बसतात. त्याची हाक थांबू दे. मग मी निघेन. तुमची शपथ.”

उचलून न्यायला त्या काय तांदळाचं पोतं होत्या? रामुलू म्हणाला, तसंही नेऊ. मी म्हटलं, गप बस. मोठ्या बाईमाणसाला असं हात धरून ओढायची आपली रीत नाही.

सकाळी बोट दिसली. लाटा जेटीवर फुटत होत्या. बाईंना मी आणि रामुलूने आधार देऊन कसंबसं खालपर्यंत आणलं, ते एवढ्याच अटीवर की मी एकदा वर जाऊन ऐकून यायचं. हाक असेल तर त्या परत फिरणार. खाली लाटांच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, नाहीतर त्यांनी स्वतःच ऐकलं असतं.

मी वर गेलो. गॅलरीत उभा राहिलो. फट आता नावापुरती उरली होती, काळी रेघ नुसती. वैनीची चोच दिसत नव्हती. मी श्वास धरून ऐकलं.

पिल्लू ओरडत होतं. आवाज बारीक झाला होता, पण होता. थांबायचं, पुन्हा ओरडायचं.

खाली बोटीची होडी जेटीला लागलेली, खलाशी हात हलवून घाई करताहेत, आणि बाई मान वर करून माझ्याकडे बघताहेत. मी जिना उतरलो. एवढा सावकाश मी तो जिना कधी उतरलो नसेन. जेटीवर आलो, दोर धरायच्या निमित्ताने पाण्याकडे तोंड केलं आणि म्हणालो,

“थांबली, बाई. काही आवाज नाही.”

“नक्की?”

“आपण खाली उतरलो तेव्हाच थांबली असावी. चला आता. दिल्या शब्दाला जागा.”

त्या उभ्याच राहिल्या. मग त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, ढोलीच्या दिशेने हात जोडले, आणि रामुलूच्या खांद्यावर भार टाकून होडीत उतरल्या.

बोट दिसेनाशी झाल्यावर मी छिन्नी आणि हातोडी घेतली. शब्दबिब्द गेला खड्ड्यात, असं रामुलूला म्हटलं. त्याने मुकाट्याने दोर ओढला. मी ढोलीपर्यंत गेलो, छिन्नी भिंतीला लावली आणि हातोडी उचलली.

आतून आवाज आला. टक, टक, टक. आधी मला कळलंच नाही. मग कान लावला. ती चोचीच्या चपट्या बाजूने आतून भिंत थापत होती. पोटात अन्नाचा कण नाही, आणि जे काही उरलंसुरलं होतं ते ती त्या रेघेत भरत होती. मी बाहेर आहे हे तिला कळलं होतं. पिल्लू तिच्या पायाशी ओरडत होतं आणि ती त्याला माझ्यापासून वाचवत होती.

माझी हातोडी तशीच हवेत. खालून रामुलू विचारत होता, “काय झालं अण्णा?” मला रडू फुटलं. लहान पोरासारखा त्या फळीवर बसून रडलो. मग छिन्नी कमरेला खोचली आणि म्हटलं, “सोड खाली.”

पिल्लू त्या दिवशी ओरडलं. दुसऱ्या दिवशी ओरडलं. रामुलू रेडिओ मोठ्याने लावायचा, तरी वर दिव्याशी गेलं की ऐकू यायचंच. मी भिंगाचं पितळ घासत बसायचो, घासलेलंच पुन्हा घासायचो. एका सकाळी गॅलरीत गेलो आणि नुसता वारा होता. मग मी तिथेच बसून राहिलो. रामुलूने चहा आणून ठेवला, तो निवून गेला.

बाईंचा पाय वाचला, असं पुढे वायरलेसवर कळलं. पुढच्या मोसमात माझी बदली झाली आणि मग आमची गाठ नव्हती. त्या देवबागला माझ्या घरी आल्या तेव्हा मी निवृत्त झालो होतो आणि माझ्या धाकटीला मूल झालेलं होतं. काठी घेऊन चालत होत्या, केस पांढरे झालेले. सुलोचनाने बांगड्याचं तिखलं केलं होतं. बाई सांगलीच्या, पण काटा काढून खायला शिकल्या होत्या.

जेवता जेवता त्या सहज म्हणाल्या, “मयेकर, ते पिल्लू ओरडत होतं ना?”

माझा घास हातातच राहिला. सुलोचना माझ्याकडे बघायला लागली. तिला मी ह्यातलं काही सांगितलं नव्हतं.

“तुम्हाला कसं कळलं?”

“तुम्ही पाण्याकडे बघून बोललात. तुम्ही कधी दुसरीकडे बघून बोलणारा माणूस का? भांडतानासुद्धा डोळ्यांत बघून भांडायचात.”

“मग होडीत चढलात कशा?”

बाईंनी काटा ताटाच्या कडेला ठेवला. “मला जायचं होतं,” त्या म्हणाल्या. “पायात मरणाच्या कळा होत्या. मला भीती वाटत होती. कुणीतरी ‘थांबली’ म्हणावं, एवढीच वाट बघत होते. तुम्ही म्हणालात.”

आत पाळण्यात नात किरकिरायला लागली, तशी सुलोचना उठून गेली. बाई पुढे वाकल्या आणि आवाज बारीक करून त्यांनी विचारलं, “नंतर किती वेळ, मयेकर?”

मी ह्या वेळी सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

“बोट वळली आणि हाक थांबली,” मी म्हणालो. “मी वर पोचेपर्यंत काही नव्हतं.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मीही नजर काढली नाही. मग त्यांनी मान हलवली, “बरं झालं,” म्हणाल्या, आणि आणखी थोडा भात मागून घेतला.